स्थिर गाभा-आवृत्त्या व स्मृति-व्यवस्थापनातील बदल

संगणकाच्या परिचालन प्रणालीचा जो मध्यवर्ती भाग यंत्रसामग्री आणि उपयोजन कार्यक्रम यांच्यामध्ये राहून प्रक्रियक, स्मृती व उपकरणे यांची वाटणी करतो, त्यास गाभा किंवा कर्नल असे म्हणतात. एखाद्या आवृत्तीची रचना कायम करून तिच्यात यापुढे केवळ दोषांची दुरुस्ती करावयाची असे ठरविले म्हणजे ती स्थिर आवृत्ती ठरते. पुढील आवृत्तीत झालेली दुरुस्ती उचलून अशा जुन्या, स्थिर आवृत्तीत बसविण्याच्या कामास बॅकपोर्टिंग म्हणतात. ग्रंथव्यवहारातील दाखला द्यावयाचा तर नवी आवृत्ती छापून झाल्यावर तीतील महत्त्वाच्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीच्या शिल्लक प्रतींत, पृष्ठांक व सूची यांना धक्का न लावता, घालण्यासारखे हे काम आहे. मुद्रणातील शुद्धिपत्राने ग्रंथाचे फारसे बिघडत नाही. गाभ्यातील एक ओळ चुकली तर मात्र संपूर्ण यंत्र बंद पडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे ते चालू राहून चुकीचे काम करते. स्मृति-व्यवस्थापन हा गाभ्यातील सर्वांत गुंतागुंतीचा भाग असल्याने त्यातील बदलांचे रोपण विशेष नाजूक मानले जाते. या विषयाचा सर्वांत विस्तृत व खुला इतिहास लिनक्स या गाभ्याच्या संदर्भात उपलब्ध आहे [→ संगणक].

पूर्वपीठिका : आभासी स्मृतीची कल्पना मँचेस्टर विद्यापीठातील टॉम किलबर्न व त्यांचे सहकारी यांनी बांधलेल्या व १९६२ मध्ये कार्यान्वित झालेल्या ॲटलास संगणकात प्रथम प्रत्यक्षात आली. या पद्धतीत स्मृतीचे समान आकाराचे तुकडे पाडतात. त्यांस पृष्ठे म्हणतात. जी पृष्ठे तातडीने लागत नाहीत ती दुय्यम साठवणीत ठेवून गरजेप्रमाणे परत आणली जातात. त्यामुळे प्रत्यक्ष स्मृती अल्प असूनही कार्यक्रमास ती मुबलक असल्याचा भास होतो. कोणते पृष्ठ ठेवावे व कोणते हलवावे, हा या पद्धतीतील कळीचा प्रश्न होय. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये मांडलेली कार्यसंचाची संकल्पना हे त्याचे महत्त्वाचे सैद्धांतिक उत्तर होते. १९७९ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत यूनिक्स प्रणालीत पृष्ठांकित आभासी स्मृतीची भर पडली आणि ही पद्धत मध्यम आकाराच्या यंत्रांपर्यंत पोहोचली.

जुन्या आवृत्तीची देखभाल हा प्रश्नही तितकाच जुना आहे. आयबीएम कंपनीच्या ओएस/३६० या प्रणालीच्या निर्मितीचे नेतृत्व केलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे निरीक्षण नोंदविले आहे, की एक दोष दुरुस्त करताना दुसरा दोष निर्माण होण्याची शक्यता २० ते ५० टक्के असते. दुरुस्ती जितकी मोठी व तिचा इतर भागांशी संबंध जितका दाट, तितका हा धोका वाढतो. स्थिर आवृत्त्यांसंबंधीचे पुढील काळातील बहुतेक नियम या एकाच अनुभवातून निघालेले आहेत.

लिनक्सचा आरंभ : फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्सच्या निर्मितीस प्रारंभ केला. त्या वर्षाच्या अखेरीस जर्मनीतील एका वापरकर्त्याने आपल्या यंत्रात केवळ २ मेगाबाइट स्मृती असल्याने गाभ्याचे संकलन होऊ शकत नाही, अशी अडचण कळविली. तीवर उपाय म्हणून टॉरवाल्ड्स याने पृष्ठे चकतीवर हलविण्याची सोय लिहिली आणि ती जानेवारी १९९२ मधील ०.१२ या आवृत्तीत समाविष्ट झाली. लिनक्सच्या स्मृति-व्यवस्थापनाचा उगम अशा प्रकारे तुटपुंजी साधने असलेल्या एका वापरकर्त्याच्या गरजेत आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९९२ मध्येच लिनक्सने स्वीकारलेल्या मुक्त परवान्यामुळे त्याची संहिता कोणासही वाचण्यास, बदलण्यास व वाटण्यास खुली झाली. १.० ही आवृत्ती मार्च १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली.

त्यानंतर सु. दहा वर्षे आवृत्त्यांच्या क्रमांकांत सम-विषमाचा संकेत पाळला जात असे. ज्या मालिकेचा दुसरा अंक सम (उदा., २.०, २.२, २.४) ती स्थिर व ज्या मालिकेचा विषम (उदा., २.१, २.३, २.५) ती विकासाधीन मानीत. नवे प्रयोग विषम मालिकेत करावयाचे आणि सम मालिकेत केवळ दुरुस्त्या करावयाच्या, असा हा करार होता.

२००१ चा वाद : या कराराची कसोटी २.४ मालिकेत लागली. जानेवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मालिकेचे स्मृति-व्यवस्थापन प्रामुख्याने डच तंत्रज्ञ रिक व्हान रील यांच्या रचनेवर आधारलेले होते. पृष्ठांचे वय मोजून व त्यांच्या निरनिराळ्या याद्या राखून निवड करणारी ही रचना तात्त्विक दृष्ट्या भक्कम होती. परंतु मोठा भार असलेल्या यंत्रांवर तिचे वर्तन असमाधानकारक असल्याच्या तक्रारी त्या वर्षभर येत राहिल्या. सप्टेंबर २००१ मध्ये २.४.१० ही आवृत्ती काढताना टॉरवाल्ड्स याने इटालियन तंत्रज्ञ आंद्रेआ आर्कांजेली यांनी लिहिलेली वेगळी व अधिक साधी रचना स्वीकारली. स्थिर म्हणविणाऱ्या मालिकेच्या मध्यावर स्मृति-व्यवस्थापनाचा पायाच बदलला गेला. वेल्समधील ॲलन कॉक्स यांनी आपल्या समांतर शाखेत काही काळ जुनीच रचना चालू ठेवली. त्यामुळे एकाच मालिकेची दोन निरनिराळ्या स्वभावांची रूपे प्रचारात राहिली.

या निर्णयाबद्दल मतभेद तीव्र होते आणि ते केवळ तांत्रिक नव्हते. नव्या रचनेचा कालांतराने अनेकांस लाभ झाला, हे खरे. परंतु स्थिर या शब्दावर विसंबून ज्यांनी आपली यंत्रे त्या मालिकेवर उभी केली होती त्यांना पूर्वसूचनेविना नवा पाया स्वीकारावा लागला, हेही तितकेच खरे. चुकीची असली तरी परिचित असलेली वागणूक टिकवावी, की अधिक चांगली असली तरी अपरिचित वागणूक लादावी, हा प्रश्न यातून उघड झाला. नोव्हेंबर २००१ मध्ये २.४ मालिकेची देखभाल ब्राझीलमधील मार्सेलो तोसाती या अवघ्या अठरा वर्षांच्या तरुणाकडे सोपविण्यात आली.

वितरक कंपन्यांची भूमिका : गाभा थेट मूळ स्थानाहून घेणारे वापरकर्ते थोडे असतात. बहुसंख्य संस्था तो रेड हॅट, सुसे यांसारख्या कंपन्यांकडून वा डेबियनसारख्या स्वयंसेवी प्रकल्पाकडून घेतात. या वितरकांनी एका आवृत्तीस धरून राहावयाचे व आवश्यक त्या नव्या गोष्टी तीत मागे आणावयाच्या, असा प्रघात पाडला. रेड हॅट कंपनीची २००३ मधील एंटरप्राइज लिनक्स ३ ही प्रणाली २.४.२१ या गाभ्यावर आधारलेली असली, तरी पृष्ठापासून त्याच्या वापरकर्त्या कार्यक्रमांकडे उलट शोध घेण्याची पद्धत व नवी सूत्र-ग्रंथालय व्यवस्था अशा २.५ मालिकेत घडलेल्या गोष्टी तीत आणलेल्या होत्या. २०१० मधील एंटरप्राइज लिनक्स ६ चा क्रमांक २.६.३२ असा होता. परंतु आर्कांजेली यांनीच विकसित केलेली मोठ्या पृष्ठांची आपोआप वाटणी करणारी सोय तीत उपलब्ध होती. हीच सोय मूळ गाभ्यात मार्च २०११ मध्ये, २.६.३८ या आवृत्तीत आली. आवृत्तीचा क्रमांक आणि तीतील प्रत्यक्ष संहिता यांचा संबंध अशा रीतीने सैल झाला. या प्रणालीस दहा वर्षे, म्हणजे २०२० पर्यंत, नियमित आधार मिळाला.

स्थिर शाखेची स्थापना : डिसेंबर २००३ मध्ये २.६ मालिका सुरू झाल्यानंतर २००४ च्या उन्हाळ्यात कॅनडातील ओटावा येथे भरलेल्या बैठकीत स्वतंत्र विषम मालिका तूर्त न काढण्याचे ठरले. विकास मुख्य मालिकेतच चालू राहिला, उदा., जून २००४ मधील २.६.७ या आवृत्तीत पृष्ठांच्या उलट शोधाची पद्धतच बदलण्यात आली. नवे व जुने एकाच प्रवाहात वाहू लागल्याने केवळ दुरुस्त्यांसाठी वेगळ्या शाखेची गरज निर्माण झाली. मार्च २००५ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन व क्रिस राइट यांनी २.६.११.१ ही आवृत्ती काढून या शाखेचा प्रारंभ केला.

या शाखेसाठी संक्षिप्त नियमावली करण्यात आली. दुरुस्ती उघडपणे बरोबर व तपासलेली असावी. ती संदर्भाच्या ओळी धरून शंभर ओळींहून मोठी नसावी. तिने एकच दोष दूर करावा. तो दोष प्रत्यक्ष त्रास देणारा असावा, केवळ काल्पनिक नसावा. आणि तीच दुरुस्ती मुख्य प्रवाहात आधीच स्वीकारलेली असावी, हे त्यांतील प्रमुख नियम होत. शेवटचा नियम विशेष महत्त्वाचा आहे. केवळ जुन्या आवृत्तीतच दुरुस्ती झाली, तर पुढील आवृत्तीकडे जाणाऱ्या वापरकर्त्यास तोच दोष पुन्हा भोगावा लागतो. मुख्य प्रवाहाची अट त्यास प्रतिबंध करते. काही आवृत्त्यांची देखभाल पुढे दीर्घकाळ करण्याची प्रथा पडली. २.६.३२ या आवृत्तीस २०१६ पर्यंत, तर जानेवारी २०१६ मधील ४.४ या आवृत्तीस फेब्रुवारी २०२२ पर्यंत दुरुस्त्या मिळत राहिल्या. तिची अखेरची दुरुस्त आवृत्ती ४.४.३०२ ही होती.

२०१२ चे रोपण : वरील नियम दोषांसाठी होते; मंदगतीसाठी नव्हते. स्मृति-व्यवस्थापनात मात्र या दोहोंमधील सीमारेषा पुसट असते. मोठ्या पृष्ठांची सोय वापरात आल्यानंतर सलग स्मृती मिळविण्यासाठी विखुरलेली पृष्ठे एकत्र सरकवावी लागत. या क्रियेस संहतीकरण म्हणतात. हे करताना एखादे पृष्ठ संथ अशा बाह्य साठवण उपकरणावर लिहिले जात असेल, तर ते लेखन पूर्ण होईपर्यंत गाभा थांबून राही. परिणामी यूएसबी स्मृतिकांडीवर मोठी धारिका उतरविताना संपूर्ण संगणक काही काळ निश्चल होई. कोणताही कार्यक्रम कोसळत नसे वा माहिती नष्ट होत नसे. परंतु वापरकर्त्याच्या दृष्टीने यंत्र निकामी झाल्यासारखेच असे. २०११ च्या अखेरीस या दोषाची मोठी चर्चा झाली आणि वाट पाहण्याची मर्यादा घालणारी दुरुस्ती २०१२ मधील ३.३ या आवृत्तीत आली.

त्या वेळी अनेक संस्था जुलै २०११ मधील ३.० या गाभ्याच्या दीर्घकालीन आवृत्तीवर होत्या. सुसे कंपनीच्या सर्व्हर प्रणालीची ११ वी आवृत्ती, सेवासंच २, हीदेखील त्याच गाभ्यावर आधारलेली होती. सुसेमध्ये काम करणारे मेल गॉर्मन यांनी २०१२ च्या उन्हाळ्यात तीसहून अधिक पॅचांची एक मालिका ३.० च्या स्थिर शाखेसाठी सादर केली. पृष्ठांची परतवसुली, संहतीकरण व मोठी पृष्ठे यांसंबंधीच्या दुरुस्त्या तीत होत्या. प्रत्येक पॅचास एक स्वतंत्र टीप जोडलेली होती. तो कोणत्या तक्रारीशी संबंधित आहे, तक्रार नोंदली गेली आहे किंवा नाही आणि वापरकर्त्यास कोणता फरक जाणवेल, हे या टिपांत दिलेले होते. काही पॅच स्वतः दोष दूर करीत नव्हते. नंतरच्या पॅचास बसण्यास जागा व्हावी एवढ्यासाठीच ते आवश्यक होते.

याच सुमारास गॉर्मन यांच्या सूचनेवरून नियमावलीतही भर घालण्यात आली. वितरित गाभ्याच्या वापरकर्त्याने कळविलेली कार्यमानाची वा प्रतिसादाची गंभीर अडचण दूर करणारी दुरुस्तीही स्थिर शाखेत विचारात घेता येईल, असे तीत म्हटले आहे. मात्र अशा दुरुस्त्यांत सूक्ष्म बिघाडाचा धोका अधिक असल्याने त्या वितरित गाभ्याच्या देखभालकर्त्यानेच सादर कराव्यात व त्यांचा वापरकर्त्यावरील परिणाम स्पष्ट करावा, अशी अटही घालण्यात आली. २००१ मधील बदल आणि २०१२ मधील बदल यांची तुलना येथे उद्‌बोधक ठरते. दोहोंत स्थिर मालिकेच्या स्मृति-व्यवस्थापनाचे वर्तन बदलले. परंतु दुसऱ्या वेळी प्रत्येक पाऊल आधी मुख्य प्रवाहात तपासलेले होते, पॅच सुटे व क्रमवार होते आणि बदलाचे कारण लिहून ठेवलेले होते.

रोपणातील अडचणी : जुन्या आवृत्तीत पॅच बसविताना दोन प्रकारचे विरोध उद्‌भवतात. पहिला पाठाचा विरोध होय. आजूबाजूच्या ओळी बदललेल्या असल्याने पॅच बसतच नाही. उदा., प्रक्रियेच्या स्मृति-नकाशाचे रक्षण करणाऱ्या कुलपाचे नाव २०२० मधील ५.८ या आवृत्तीत बदलले. जानेवारी २०२२ मधील ५.१६ या आवृत्तीपासून मॅथ्यू विल्कॉक्स यांची फोलिओ ही संकल्पना रूढ होऊ लागली आणि एकेका पृष्ठाऐवजी पृष्ठसमूहावर काम करणारी संहिता लिहिली जाऊ लागली. फोलिओच्या भाषेत लिहिलेली दुरुस्ती ५.१० सारख्या आवृत्तीत नेताना पृष्ठाच्या भाषेत पुन्हा लिहावी लागते. हा विरोध त्रासदायक असला तरी तो लपून राहत नाही.

दुसरा अर्थाचा विरोध अधिक घातक होय. यात पॅच विनासायास बसतो, संकलनही होते; परंतु ज्या गृहीतावर तो लिहिलेला असतो ते गृहीत जुन्या आवृत्तीत खरे नसते. एखादे कार्य करताना विशिष्ट कुलूप आधीच घेतलेले असेल, असे नवी संहिता धरून चालते. जुनीत ते घेतलेले नसते. असे दोष दोन प्रक्रियांचा क्षणिक योग जुळला तरच प्रकट होतात. स्थिर आवृत्तीच्या उमेदवार प्रतीस परीक्षणासाठी साधारणपणे दोन दिवस मिळतात. गाभा सुरू होतो की नाही, हे तेवढ्यात कळते. कित्येक आठवडे चालणाऱ्या यंत्रावर स्मृतीचा ताण वाढल्यानंतर काय होईल, हे कळू शकत नाही.

याच कारणास्तव स्वयंचलित निवडीस या क्षेत्रात विरोध झाला. साशा लेव्हिन यांनी २०१७ नंतर यंत्र-अध्ययनाच्या साहाय्याने मुख्य प्रवाहातील दुरुस्त्या हुडकून स्थिर शाखेत आणण्याचा उपक्रम चालविला. लेखकांनी स्थिर शाखेसाठी खूण करावयाची राहून गेलेल्या अनेक दुरुस्त्या त्यामुळे जुन्या आवृत्त्यांत पोहोचल्या. तथापि स्मृति-उपप्रणालीची धुरा वाहणारे अँड्रू मॉर्टन यांनी व त्यांच्या काही सहकाऱ्यांनी आपल्या विभागातील केवळ स्पष्ट खूण केलेल्या दुरुस्त्याच घ्याव्यात, अशी भूमिका घेतली. न घेतलेल्या दुरुस्तीचे नुकसान आणि चुकीने घेतलेल्या दुरुस्तीचे नुकसान यांत कोणते मोठे, याविषयीचा हा मतभेद आहे आणि दोन्ही बाजूंस अनुभवाचा आधार आहे.

सुरक्षेची प्रकरणे : रोपणाचे महत्त्व सर्वसामान्यांच्या नजरेस आणून देणारे प्रकरण म्हणजे ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडकीस आलेला डर्टी काऊ हा दोष होय. अनेक प्रक्रिया एकच पृष्ठ वाचीत असतील तर ते सामायिक ठेवावयाचे आणि कोणी लिहू लागल्यास त्यास वेगळी प्रत करून द्यावयाची, अशी गाभ्याची पद्धत असते. प्रत तयार झाल्यानंतर व लेखन होण्यापूर्वीच्या निमिषमात्र अवधीत ती प्रत टाकून दिल्यास लेखन मूळ पृष्ठावरच होई. त्यामुळे ज्यास केवळ वाचनाचा अधिकार आहे असा वापरकर्ता मूळ धारिका बदलून यंत्राचा संपूर्ण ताबा मिळवू शके. हा दोष २००७ मधील २.६.२२ या आवृत्तीपासून वापरण्याजोगा होता. टॉरवाल्ड्स यांनी दुरुस्तीसोबत नोंदविल्याप्रमाणे त्यांनी अकरा वर्षांपूर्वीच तो दूर करण्याचा प्रयत्न केला होता. परंतु आयबीएमच्या एका यंत्ररचनेवर अडचण आल्याने तो प्रयत्न मागे घेण्यात आला होता. एका दुरुस्तीच्या माघारीची किंमत दशकानंतर मोजावी लागली. दुरुस्ती त्याच महिन्यात ४.८, ४.७ व ४.४ या शाखांत एकदमच देण्यात आली.

जून २०१७ मध्ये स्टॅक क्लॅश या नावाने जाहीर झालेल्या दोषामुळे राशीच्या लगत राखलेले एका पृष्ठाचे रक्षक अंतर अपुरे असल्याचे दिसून आले. ह्यू डिकिन्स यांच्या दुरुस्तीने ते अंतर १ मेगाबाइटपर्यंत वाढविले. जुन्या आवृत्त्यांत ती पोहोचताच काही जावा कार्यक्रम बंद पडू लागले आणि पूरक दुरुस्त्या कराव्या लागल्या. जानेवारी २०१८ मधील मेल्टडाउन हा दोष तर प्रक्रियकातील होता. गाभ्याची व वापरकर्त्याची पृष्ठकोष्टके वेगळी करणे हा त्यावरील उपाय स्मृति-व्यवस्थापनाच्या मुळाशी जाणारा होता. ४.१४ या शाखेस मुख्य प्रवाहातील उपाय मिळाला, परंतु ४.९ व ४.४ या शाखा इतक्या दूर गेल्या होत्या, की ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील संशोधकांच्या आधीच्या कामावर आधारलेली निराळी रचना त्यांत बसवावी लागली. एकाच नावाचा उपाय दोन ठिकाणी दोन प्रकारचा झाला. मुख्य प्रवाहाच्या नियमाची मर्यादा येथे स्पष्ट होते.

नवी रचना म्हणजे सुरक्षितता, असेही समीकरण मांडता येत नाही. डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीत स्मृति-नकाशा ठेवण्यासाठी मेपल वृक्ष ही नवी रचना आली. तिच्या आगमनाने राशी वाढविताना घ्यावयाचे कुलूप अपुरे ठरले. स्टॅकरॉट नावाने ओळखला जाणारा हा दोष जून २०२३ मध्ये कळविला गेला आणि दुरुस्ती ६.१, ६.३ व ६.४ या शाखांत नेण्यात आली. मेपल वृक्ष नसलेल्या त्याहून जुन्या आवृत्त्या या दोषापासून मुक्त होत्या.

भारत व महाराष्ट्र : या क्षेत्रात भारतीय तंत्रज्ञांचा वाटा मोलाचा आहे. आयबीएमच्या भारतातील लिनक्स केंद्रात असताना बलबीर सिंग यांनी पाव्हेल इमेल्यानोव्ह यांच्या सहकार्याने प्रक्रियांच्या गटास स्मृतीची मर्यादा घालणारी यंत्रणा विकसित केली. एप्रिल २००८ मधील २.६.२५ या आवृत्तीत आलेली ही यंत्रणा पुढे सामायिक संगणन सेवांचा एक आधार बनली. पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. भटकर यांचे जन्मगाव मुरंबा हे बुलढाण्याच्या शेजारील अकोला जिल्ह्यात आहे. याच केंद्राचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत ६३ व्या स्थानी होता. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतील सर्वच यंत्रे लिनक्सवर चालतात.

तथापि महाराष्ट्रातील बहुसंख्य लोकांचा लिनक्स गाभ्याशी येणारा संबंध महासंगणकाद्वारे नव्हे, तर भ्रमणध्वनीद्वारे येतो. प्रत्येक अँड्रॉइड भ्रमणध्वनीत हाच गाभा असतो. बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव वा मलकापूर येथील कापूस किंवा सोयाबीन विकणारा शेतकरी ज्या फोनवर बाजारभाव पाहतो व पैशांचा व्यवहार करतो, त्याची सुरक्षितता एका लांब साखळीवर अवलंबून असते. मुख्य प्रवाहातील दुरुस्ती स्थिर शाखेत येते, तेथून गूगलच्या सामायिक गाभ्यात, तेथून चिप बनविणाऱ्या कंपनीकडे, मग फोन बनविणाऱ्या कंपनीकडे आणि अखेरीस ग्राहकाकडे. यांतील एक दुवा निखळला तर पुण्यात वा हेलसिंकीत दुरुस्त झालेला दोष मेहकर वा सिंदखेडराजा येथील खिशात तसाच राहतो. नवा फोन घेणे ज्यास परवडते त्याचा प्रश्न आपोआप सुटतो. ज्यास तो पाच-सहा वर्षे वापरावयाचा आहे त्याच्यासाठी रोपण हाच एकमेव मार्ग असतो. २०१७ मध्ये दीर्घकालीन आवृत्त्यांची मुदत दोन वर्षांवरून सहा वर्षांपर्यंत वाढविण्याचे जाहीर झाले, त्यामागे अँड्रॉइड फोनांचे हे आयुर्मान हेच प्रमुख कारण होते. पुढे अँड्रॉइड १२ पासून, ५.१० व त्यापुढील गाभ्यांसाठी, चिपनिरपेक्ष असा समान गाभा वापरण्याची पद्धत सुरू करून साखळी आखूड करण्याचा प्रयत्न झाला.

या मुदतवाढीचा भार मोजक्या व्यक्तींवर पडला. सहा-सहा आवृत्त्यांची एकाच वेळी देखभाल करणे देखभालकर्त्यांस थकविणारे ठरल्याने २०२३ मध्ये नव्या दीर्घकालीन आवृत्त्यांची मुदत पुन्हा दोन वर्षांवर आणण्याचा मानस जाहीर करण्यात आला. जुन्या आवृत्त्यांचा लाभ घेणाऱ्यांची संख्या अगणित आणि त्या जतन करणाऱ्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी, ही या व्यवस्थेतील कायमची विषमता आहे. ती दूर होण्याचा मार्ग अधिक लोकांनी या कामात उतरणे हाच आहे. गाभ्याची संहिता, तीतील प्रत्येक बदल व त्यामागील चर्चा सर्वांस खुली असल्याने शेगाव येथे १९८३ मध्ये स्थापन झालेल्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यास ती जितकी उपलब्ध आहे, तितकीच ती कोणत्याही परदेशी विद्यापीठातील विद्यार्थ्यास आहे.

मूल्यमापन : स्थिरता म्हणजे बदलाचा अभाव, अशी आरंभीची समजूत होती. २००१ मध्ये ती मोडली, २००५ मध्ये नियमांनी तिची पुनर्रचना झाली, २०१२ मध्ये तिच्यात कार्यमानाचा विचार आला आणि २०१६ ते २०१८ च्या सुरक्षा-प्रकरणांनी न बदलणे हाही एक धोका असल्याचे दाखवून दिले. आज स्थिर आवृत्ती ही आठवड्यागणिक बदलणारी वस्तू आहे. तिची स्थिरता संहितेत नसून वापरकर्त्यास दिलेल्या आश्वासनात आहे. काल चालणारा कार्यक्रम आज चालेल आणि जे बदलले ते का बदलले हे पाहता येईल, असे ते आश्वासन आहे. स्मृति-व्यवस्थापनाच्या क्षेत्रात ते पाळणे सर्वांत अवघड असते; कारण तेथील प्रत्येक दुरुस्ती यंत्रावर चालणाऱ्या सर्वच कार्यक्रमांस स्पर्श करते.